बाय, लेन्स घेण्याआधी

मालवण

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. तुझ्या निकॉन झेड ५० वर फुल-फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठीची, २४-७० मिलिमीटरची झूम लेन्स घेतली की पुढे बॉडी बदलली तरी लेन्स कामी येते, असं दुकानदाराने सांगितलं आणि तुलाही ते पटलंय. मला पटलेलं नाही. फोनवर सगळं घाईत होतं, म्हणून लिहायला बसलो.

फुल-फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, तुझा साधारण २३.५ बाय १५.७ चा. तीच लेन्स दोन्हीकडे लावली तर आत पडणारी प्रतिमा तीच असते, तुझा सेन्सर तिचा फक्त मधला भाग घेतो. म्हणून ५० ची लेन्स तुझ्याकडेही ५० चीच राहते, पण दिसतं फुल-फ्रेमवर ७५ ने दिसेल तेवढंच. निकॉन आणि सोनीला दीडने गुणायचं, कॅननला १.६ ने. याच हिशेबाने ती २४-७० तुझ्या हातात ३६-१०५ होते. जे रुंद टोक पाहून लोक ती लेन्स घेतात, तेच तुझ्याकडून जातं.

आणि तुला तेच टोक हवंय. कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. ३६ मध्ये तो बसवायचा तर लांब जावं लागेल, आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जितकी लांब जाशील तितका कॅमेरा कातळाकडे तिरपा बघेल आणि खोदलेली रेघ दबून जाईल. कातळशिल्पाला कॅमेरा वर हवा, उंच काठीवर, आणि जमिनीशी जमेल तितका समांतर. तिथे १२-२८ डीएक्स (निकॉनची लहान सेन्सरसाठीची लेन्स) घे. ती तुला १८-४२ इतकं दृश्य देईल. वजन जेमतेम २०० ग्रॅम, त्यामुळे काठीही डुलणार नाही. बारसूच्या सड्यावर जाशील तेव्हा ऊन तिरपं असतानाच पोच. सूर्य डोक्यावर आला की उथळ खोदकाम सपाट दिसतं, मग लेन्स कितीही भारी असो.

पुढे फुल-फ्रेम घेतलास तर ही डीएक्स लेन्स त्याच्यावरही बसते. कॅमेरा आपोआप मधलाच भाग वापरतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या बॉडीतून १० च्या आसपास हाती येतात. मोठ्या छपाईला ते कमी पडतील, तेव्हा लेन्स विकून टाक. कधी तरी येणाऱ्या बॉडीसाठी आजचं काम अडवून ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. (तुझी मैत्रीण कॅननची जुनी ईएफ-एस, म्हणजे लहान सेन्सरसाठीची, लेन्स घेतेय ना? ती त्यांच्या फुल-फ्रेम डीएसएलआर बॉडीवर बसतच नाही, तिला सांग.)

लांबच्या लेन्सचं मात्र उलटं आहे, तिथे फुल-फ्रेमचीच घ्यावी. ३०० एफ ४ म्हटलं की पुढच्या काचेला ३०० भागिले ४, म्हणजे ७५ मिलिमीटरचं तोंड लागणारच, सेन्सर लहान असो की मोठा. क्रॉपसाठी, म्हणजे तुझ्यासारख्या लहान सेन्सरसाठी, वेगळी बनवून आकार फारसा वाचत नाही. शिवाय इथे तुझा लहान सेन्सर फायद्याचा आहे. देवबागच्या संगमावर हिवाळ्यात कुरव उतरतात. तिथे १८०-६०० लावलीस तर ९०० पर्यंतचं दृश्य मिळेल, तेही पूर्ण २० मेगापिक्सेलमध्ये. २४ च्या फुल-फ्रेमवर तेवढाच पक्षी हवा असेल तर फोटो कापून १० उरतात. पण हे पुढच्या हंगामाचं, आत्ता ५०-२५० वर भागव.

दशावतारासाठी ४० एफ २ घे. फुल-फ्रेमची असली तरी लहान आणि हलकी आहे, तुझ्याकडे ६० सारखी दिसेल, म्हणजे रंगमंचासमोर बसून संकासुराचा चेहरा नीट भरेल. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट झूमच्या एफ ६.३ पेक्षा एफ २ वर जवळपास दहापट प्रकाश आत येतो. क्रॉपवर एफ २ चा एफ ३ होतो, असं कोणी सांगेल. एक्सपोजरच्या बाबतीत ते खरं नाही, शटर आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) तेच लागतात. मागची धूसरता तेवढी कमी दिसते, फुल-फ्रेमवर साधारण एफ ३ ला दिसेल तशी. हात हलला तर तेही दीडपट मोठं दिसतं आणि तुझ्या बॉडीत किंवा या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) नाही. म्हणून शटर १/६० सेकंदाच्या खाली उतरू नकोस, आणि नाच सुरू झाला की १/२०० तरी ठेव.

या सगळ्याच्या आधी ड्राय बॉक्स (आतली आर्द्रता आटोक्यात ठेवणारी पेटी) घे. आपल्याकडे पावसाळ्यात कापडी किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्समध्ये फंगस धरतो आणि काचेवरचं कोटिंग खातो. एकदा खाल्लं की साफ करूनही डाग राहतो. स्टुडिओत लोक अशा लेन्सेस घेऊन येतात तेव्हा जीव तुटतो. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेव, त्याहून फार कोरडं करू नकोस. किनाऱ्यावर, वारा असताना लेन्स बदलू नकोस. परत आलीस की आधी फुंकणीने वाळू उडव, मगच ओलसर मऊ कापडाने बॉडी आणि लेन्सच्या बाहेरचं मीठ पूस. वाळू असताना पुसलंस तर ओरखडे ठरलेले. सेकंडहँड घेणार असशील तर दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत दे.

तेव्हा ड्राय बॉक्स, १२-२८ आणि ४०, याच क्रमाने. दुकानात १२-२८ आपल्या बॉडीवर लावून बघ आणि तिन्हींचे दर कळव. निम्मे पैसे मी पाठवतो.

तुझे बाबा