रविवारची बैठक : एस्थर बेजारानो

सभासद मंडळी, नमस्कार.

रविवारी संध्याकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे, लक्षात असू द्या. विषय नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या जर्मन ज्यू गायिका एस्थर बेजारानो.

१९४३ साली ऑशविट्झच्या छळछावणीत दगड वाहणाऱ्या या अठरा वर्षांच्या मुलीने कैद्यांच्या वाद्यवृंदात शिरण्यासाठी अकॉर्डियन येतं असं ठोकून दिलं. येत होता फक्त पियानो. उजव्या हाताच्या पट्ट्या ओळखीच्या, पण डाव्या हाताची बटणं चाचपडत सूर शोधायचे. (पेटी वाजवणाऱ्यांनी हे डोळ्यांसमोर आणून पाहा.) माणसांनी भरलेल्या गाड्या छावणीत शिरत तेव्हाही वाजवावं लागे.

पुढे कित्येक वर्षं त्या याविषयी गप्पच होत्या. मग हॅम्बुर्गमध्ये त्यांच्या कपड्यांच्या दुकानासमोरच नव-नाझींनी प्रचाराचं टेबल मांडलं, आणि पोलीस संरक्षण देत होते ते त्या नव-नाझींनाच! तिथून त्या बोलू लागल्या, शाळाशाळांत गेल्या. ऐंशी ओलांडल्यावर कोलोनच्या तरुण रॅप गटाबरोबर मंचावर उभ्या राहून गायल्या. २०२१ साली, वयाच्या ९६व्या वर्षी त्या गेल्या.

मला दुकानासमोरचा तो प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, चर्चा तिथूनच सुरू करू. घरातल्या कॉलेजच्या मुलांना आवर्जून आणा. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे खुर्च्यांची सोय करता येईल.