आपल्या लेकीच्या आठवणीत: प्लेटलेटदाते आणि प्रवासनिधीसाठी तालीम मंडळाचे आवाहन

समस्त पेठवासी, तालमीचे आजी-माजी कार्यकर्ते आणि कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो,

गेल्या माघात आपल्या गल्लीतल्या रिक्षावाल्या भाऊंची धाकटी लेक गेली. रक्ताचा कर्करोग होता. नाव आणि फोटो कुठे छापू नका, असं वहिनींनी सांगितलंय, म्हणून इथेही देत नाही. पेठेत तशी गरजही नाही. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीची मॅच असली की घसा बसेपर्यंत ओरडणारी पोरगी म्हटलं की सगळ्यांना कळतं.

आजार निघाला तेव्हा ती नववीत होती. अंगावर काळेनिळे डाग, हटेना असा ताप, पाय दुखतात म्हणून रात्रभर जाग. वाढीच्या वयाचं दुखणं असेल, असं म्हणून आम्ही थोरामोठ्यांनीच ते महिनाभर अंगावर काढायला लावलं. ही बोच आजही जात नाही. तुमच्या घरात लेकराला असं काही दिसलं तर आधी रक्त तपासून घ्या, एवढं कळकळीनं सांगतो.

मग रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी दादर, तिथून परळचं टाटा हॉस्पिटल, हा त्या घराचा रस्ताच झाला. या फेऱ्यांत तिनं एक दोनशेपानी वही केली होती. तिच्यासाठी रक्त किंवा प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) देऊन आलेल्या प्रत्येकाचं नाव त्यात आहे. नाव कळलं नाही तिथे ‘लाल हेल्मेटवाले काका’, ‘उसाचा ट्रॅक्टर लावून आलेला दादा’ असं लिहिलंय. शेवटच्या संक्रांतीला अंगात ताकद नव्हती, तरी वही मांडीवर घेऊन एकेका नावापुढे खूण करत तिनं आईकडून तिळगुळाच्या पुड्या बांधून घेतल्या. ती वही आता तालमीत आहे. निम्मी कोरी आहे.

तालमीच्या दारातल्या तेलाच्या डब्यांतली सदाफुलीही तिचीच. व्हिनक्रिस्टीन नावाचं तिचं इंजेक्शन सदाफुलीपासून निघतं, हे वॉर्डातल्या सिस्टरनी सांगितल्यावर तिला कोण आनंद झाला होता! घरी आल्या आल्या तिनं रोपं लावली. (कुणी पानं चावू नका, काढाही करू नका. ते विषारी असतं. शुद्ध करून, मोजूनच द्यावं लागतं.)

मुलांमधला रक्ताचा कर्करोग वेळेत सापडला आणि उपचार पुरे झाले तर बहुतेक मुलं बरी होतात. आपल्या लेकीचा आजार उलटला, तिथे कुणाचंच काही चाललं नाही. पण उपचार दोन-तीन वर्षं चालतात आणि काही घरं पैशापायी ते मध्येच सोडतात, ते थांबवणं आपल्या हातात आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेनं औषधोपचाराचा मोठा भार उतरतो. उपचाराला जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. पण बापाची बुडालेली रोजी, खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण, टॅक्सी याला कुठली योजना? भाऊंनी रिक्षा विकली ती यासाठीच.

शाहू महाराजांनी १९०१ पासून याच गावात बोर्डिंगं उभी केली, ती गरिबाच्या पोराचं शिक्षण राहण्या-खाण्यावाचून अडू नये म्हणून. आता उपचार तेवढ्यासाठी अडू नयेत, म्हणून आम्ही हा प्रवासनिधी सुरू करतोय. यंदा गणपतीच्या मिरवणुकीत साउंड सिस्टीम लावायची नाही, असं बैठकीत ठरलं. त्यातून वाचलेले ५१,००० रुपये पहिली रक्कम म्हणून जमा केलेत. तरुण पोरांनी हात वर करून हे मान्य केलं, त्यांचं मनापासून कौतुक.

पैशाइतकीच निकड आहे प्लेटलेटची. केमोनंतर, म्हणजे कर्करोगाची औषधं दिल्यावर, त्या एकदम खाली येतात आणि रक्तस्रावाची भीती असते. साठवून तरी किती ठेवणार? त्या साधारण ५ दिवसच टिकतात. म्हणून फोन केला की येणारा माणूस लागतो. एका हातातून रक्त यंत्रात जातं, प्लेटलेट वेगळ्या होतात, बाकी रक्त परत अंगात येतं. तास-दीड तास बसावं लागतं. वय १८ ते ६०, वजन ५० किलोच्या वर आणि तब्येत धडधाकट असलेल्यांनी नाव नोंदवा. घेता येतील की नाही हे रक्तपेढीत तपासूनच ठरतं. गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतली असेल तर तसं सांगा.

तिचा जन्म नागपंचमीचा. त्याआधीच्या रविवारी सकाळी ९ ते २ तालमीत रक्तदान शिबिर आहे, दात्यांची नोंदणीही तिथेच होईल. निधी रोज संध्याकाळी ७ ते ९ तालमीच्या ऑफिसात घेतला जाईल. दहा रुपये दिले तरी पावती मागून घ्या. जमाखर्च दर महिन्याला दारातल्या फळ्यावर लिहू. मुंबईला खेपा घालणारं घर तुमच्या ओळखीत असेल तर आम्हाला कळवा. मागायला लाजणारी माणसं स्वतःहून येत नाहीत.

नाव नोंदवणाऱ्याचं नाव तिच्याच वहीत, पुढच्या पानावर लिहिलं जाईल. वहिनी स्वतः लिहिणार आहेत. डब्यांतल्या सदाफुलीची रोपं काढून ठेवलीत, येताना एक पिशवी घेऊन या.