'सेट' म्हणजे नेमकं काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या पाककृतींची शेवटची ओळ हल्ली ठरलेली असते : 'चार तास सेट होऊ द्या.' कुठे, ते बहुधा लिहिलेलं नसतं. दही, बर्फी, चायना ग्रासचं पुडिंग आणि जिलेटिनचं मूस या चौघांना एकच क्रियापद लावलं, तर कुणाचा ना कुणाचा पदार्थ फसणारच.

दह्याला ऊब लागते. बोटाला सोसेल इतपत कोमट, म्हणजे ४० ते ४५ अंशांच्या अर्धा लिटर दुधाला चमचाभर विरजण पुरतं आणि सहा-आठ तासांत दही लागतं. डिसेंबरात मात्र पातेलं ओट्यावर तसंच ठेवलं तर सकाळी दूध बऱ्याचदा पातळच असतं. ते जाड टॉवेलात गुंडाळून बंद कपाटात ठेवावं. आणि 'सेट' वाचून कुणी ते थेट फ्रिजमध्ये ढकललं, तर विरजणातल्या जिवाणूंचं काम जवळपास थांबतंच. जिलेटिनची तऱ्हा उलटी. ते गारव्याशिवाय घट्ट होत नाही आणि एप्रिलच्या दुपारी टेबलावर आणलं की परत पाघळतं. चायना ग्रास नीट उकळून विरघळवावं लागतं, पण ते फ्रिजबाहेरही आळतं आणि एकदा आळलं की ८० अंशांपर्यंत दाद देत नाही. त्यात फ्रिजमधलं गार दूध ओतलं की गुठळ्या झाल्याच, म्हणून दूधही गरमच हवं. बर्फीचा तर वेळेशी फारसा संबंधच नाही. पाक कच्चा राहिला असेल तर रात्रभर ठेवूनही वडी पडणार नाही. मिश्रण पुन्हा कढईत घालून आटवायला हवं. दही लागतं, तूप थिजतं, पाक आळतो, वडी पडते. इतकी क्रियापदं हाताशी असताना पाककृती लिहिणाऱ्यांनी एकावरच का भागवावं?

मूळ इंग्रजीतही हा शब्द मोठा पसरट आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत 'सेट' या एका क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदलेले आहेत.

स्वयंपाकघरात फार तर दूध वाया जाईल. बांधकामाच्या बातम्यांत हाच शब्द दिशाभूल करतो. सिमेंट सेट होणं आणि काँक्रीटला ताकद येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय मानकांनुसार साध्या पोर्टलँड सिमेंटचं सेटिंग ३० मिनिटांच्या आत सुरू होता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत पुरं व्हायला हवं. माल कालवून, वाहून, ओतून दाबायला वेळ मिळावा म्हणून पहिली मर्यादा. धरू लागलेल्या मालात पाणी मारून तो पुन्हा पातळ करण्याची खोड साइटवर सर्रास दिसते. त्याने ताकद हमखास घटते. दुसऱ्या दिवशी स्लॅबवर चालता येतं, म्हणून लोक 'सेट झाला' म्हणतात. ताकद मात्र २८ दिवसांची धरतात. म्हणून आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवायचे असतात. तुळईखालचे सहा मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१. हे आकडे साध्या सिमेंटचे. फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख, मिसळलेलं सिमेंट ताकद सावकाश धरतं, तिथे घाई आणखी महागात पडते.

आता 'स्लॅब सेट होण्यापूर्वीच कोसळला' हे वाक्य पाहा. काँक्रीट ओतत असताना कोसळला असेल, तर संशय सेंटरिंगवर, म्हणजे ओल्या स्लॅबला पेलणाऱ्या फळ्या-टेकूंवर : टेकू उभे करताना तळाशी फळी नसणे, आडवे-तिरपे बांध नसणे, एकाच जागी मालाचा ढीग ओतणे. आठवड्याने कोसळला असेल, तर टेकू लवकर काढले का, घट्ट झालेल्या स्लॅबला ताकद यावी म्हणून त्यावर पाणी किती दिवस मारलं, हे विचारायला हवं. दोन्हींत दोषी माणसं वेगळी असू शकतात. वार्ताहराने 'ओतून किती तास वा दिवस झाले होते आणि टेकू जागेवर होते का' एवढं लिहिलं तरी बातमी कामाची होईल.

मोबाइलच्या सेटिंग, मोत्यांचा सेट, जिममधले तीन सेट यांबद्दल तक्रार नाही. तिथे कुणाचा गोंधळ होत नाही. गणिताच्या मराठी पुस्तकांनी 'संच' केव्हाच रुळवला आहे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं ती सेट परीक्षा तर आद्याक्षरांची, तिचा या शब्दाशी संबंधच नाही.

राजकीय बातम्यांतलं 'सेटिंग' मात्र तपासून छापावं. 'टेंडरमध्ये सेटिंग झाल्याचा आरोप' म्हणजे कुणी लाच घेतली, ठेकेदारांनी आपसांत दर ठरवून भरले, की एकालाच जमतील अशा अटी घातल्या? या तिन्हींची चौकशी वेगवेगळ्या कागदांवरून होते. आरोप करणाऱ्याने सेटिंग म्हटलं असेल तर ते खुशाल अवतरणात द्या, पण यांतलं नेमकं काय म्हणायचं आहे, हे त्याला तिथल्या तिथे विचारून पुढच्याच वाक्यात छापा.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे