लष्करी ट्रकलाही ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळावी

महोदय,

पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करण्याचे नियम केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये लागू केले, तेव्हा जुन्या गाड्यांवर जीव असलेल्या आम्हा सर्वांना फार आनंद झाला होता. मात्र ही सोय दुचाकी आणि खासगी प्रवासी मोटारींपुरतीच आहे, ट्रकला त्यात जागा नाही. आणि याची सर्वांत मोठी झळ लष्करातून बाद झालेल्या ‘शक्तिमान’ ट्रकला बसते.

जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने जबलपूरच्या आयुध निर्माणीत १९५९ मध्ये शक्तिमान तयार होऊ लागला. चारही चाकांना जोर देणाऱ्या या सहा सिलिंडरच्या डिझेल ट्रकने पुढे कित्येक वर्षे जवान, शिधा आणि दारूगोळा डोंगरदऱ्यांतून वाहून नेला. रणगाड्यांसाठी अहिल्यानगरला उत्तम संग्रहालय आहे, आणि ते असायलाच हवे. पण ज्याच्या हौद्यात बसून सैन्य सीमेवर पोहोचले, तो ट्रक बहुधा भंगारातच जातो.

आम्ही चार निवृत्त मेकॅनिकांनी असाच एक शक्तिमान भंगाराच्या आवारातून सोडवून आणला. इंजीन पूर्ण जाम होते. सहाही सिलिंडरांत तेल सोडून ते आठवडाभर मुरू दिले, मग रोज फ्लायव्हील बोटभर पुढे, बोटभर मागे असे करत पिस्टन मोकळे केले. ब्रेकची रबरे आणि काही बुश बाजारात मिळेनात, ते जुन्या नमुन्याबरहुकूम करून घेतले; चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांची मोडलेली पाने बदलली. दरवाजावर कोणीतरी लांबी (पुट्टी) भरून वर जाड ऑइलपेंट फासला होता. तो पॉलिश पेपरने ओला करून हळूहळू घासत गेलो, तेव्हा लष्करी हिरव्या रंगावर आधी वर टोक केलेला पांढरा बाण दिसला आणि त्याच्यापुढे ‘७१’ हे आकडे. लष्करी वाहनाचा क्रमांक अशा बाणाने सुरू होतो आणि त्यापुढचे दोन आकडे वाहन दाखल झाल्याचे वर्ष सांगतात. त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही दुसरे काम केले नाही.

अडचण नेमकी याच बाणापाशी आहे. व्हिंटेज वाहनाचे वय पहिल्या नोंदणीपासून मोजले जाते. लष्करी वाहनाची नोंद मात्र लष्कराच्या स्वतंत्र व्यवस्थेत होते, आरटीओच्या दप्तरात नाही. म्हणून माझी विनंती अशी की, मूळ स्वरूपात जपलेल्या आणि मालवाहतूक न करणाऱ्या जुन्या ट्रकचा या नियमांत समावेश करावा, आणि लष्कराच्या विक्रीपत्रातील वर्ष वयाचा पुरावा म्हणून ग्राह्य धरावे. व्हिंटेज वाहने तशीही प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येतात. त्या अटी आम्हाला आनंदाने मान्य आहेत.

शक्तिमान चालवलेले एक निवृत्त सुभेदार गेल्या महिन्यात ट्रक पाहायला आले. स्टिअरिंगवर बसताच त्यांचा हात न बघता गिअरच्या दांड्यावर गेला. त्यांना फाटकाबाहेर एक फेरी मारायची होती. आवारातल्या आवारातच दोन फेऱ्या मारून त्यांना उतरावे लागले.

– एक निवृत्त मोटार मेकॅनिक, खडकी, पुणे