भूमितीच्या क्रेडिट परीक्षेबाबत टेक्सासमधील सभासद पालकांना सूचना

सर्व सभासद पालकांना कळविण्यात येते की, ज्या मुलांनी हायस्कूलची भूमिती वर्गात न शिकता थेट परीक्षा देऊन क्रेडिट (विषय पूर्ण केल्याची शाळेतील अधिकृत नोंद) मिळवण्याचे ठरवले आहे, त्यांना टेक्सासच्या नियमानुसार किमान ८० टक्के गुण आवश्यक असून, विषय आधी वर्गात शिकलेल्यांसाठी ही अट ७० टक्के आहे. नोंदणीची मुदत प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (स्थानिक शाळा चालवणाऱ्या विभागात) वेगळी असल्याने शाळेच्या समुपदेशकांकडे त्वरित चौकशी करावी. मुलांचे बीजगणित कितीही पक्के असले, तरी सिद्धतेतील प्रत्येक विधानामागचे कारण लिहून काढण्याचा सराव रोज करून घ्यावा. आकृतीत दोन त्रिकोण एकरूप दिसतात म्हणून ते एकरूप ठरत नाहीत, आणि मुले नेमकी येथेच घाई करतात. राज्याच्या भूमिती अभ्यासक्रमात संभाव्यतेचाही समावेश आहे, तो भाग कृपया वगळू नये.