नोकरीसाठी एकाच सॉफ्टवेअरची अट का?

महोदय,

लिपिक, लेखा साहाय्यक अशा पदांच्या जाहिरातींत खासगी आस्थापना ‘एमएस ऑफिस’ येण्याची अट सर्रास घालतात. प्रत्यक्षात काम असते पत्रे टंकलिखित करण्याचे आणि तक्त्यात हिशेब मांडण्याचे, जे मराठीतही उपलब्ध असलेल्या मोफत ‘लिबरऑफिस’मध्ये उत्तम होते. परवानाशुल्क न परवडणाऱ्या उमेदवाराने घरी सराव कशावर करायचा? त्याला चोरीच्या प्रतीकडे ढकलणे अन्यायाचे आहे. ‘लिबरऑफिस’ वापरते तो ‘ओपन डॉक्युमेंट’ हा फाइलींचा प्रकार २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी अशा मुक्त (मूळ संहिता सर्वांना खुली असलेल्या) सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. ‘एमएस ऑफिस’मधले गुंतागुंतीचे मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) वापरणाऱ्या आस्थापनांची अडचण खरी आहे. इतरांनी मात्र जाहिरातीत उत्पादनाऐवजी कौशल्य नमूद करावे आणि चाचणीत साधन उमेदवाराला निवडू द्यावे.

– एक वाचक, सातारा