यती आणि दहावीचे पुस्तक

महोदय,

भारतीय लष्कराने २०१९ मध्ये नेपाळमधील मकालू शिखराच्या तळाजवळच्या ३२ बाय १५ इंची पाऊलखुणांचे फोटो यतीच्या, म्हणजे दंतकथेतल्या अर्ध्या माणूस-अर्ध्या माकड हिममानवाच्या, म्हणून प्रसिद्ध केले. तेव्हापासून यतीचा विषय निघाला की ‘माणूस माकडापासून झाला, तर माकडं अजून कशी?’ हा प्रश्न हमखास येतो.

यतीचे म्हणून जपलेल्या केस, हाडे, दात अशा नऊ नमुन्यांचा डीएनए २०१७ मध्ये तपासला गेला. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. शिवाय उन्हाने बर्फ वितळले की ठसा पसरतोच.

राहिली माकडे. रामटेकच्या गडावर प्रसादाच्या पिशवीवर झडप घालणारे काळ्या तोंडाचे वानर आपला पूर्वज नव्हे, दूरचा चुलत नातलग आहे. आणि चुलत भाऊ हयात असतोच की! चिंपांझी तर त्याहून जवळचा. त्याची आणि आपली वाट साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली.

केंद्रीय अभ्यासक्रमाची पुस्तके काढणाऱ्या एनसीईआरटीने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली, याचे मनापासून वाईट वाटते. अकरावीला जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांनी हे शिकायचे कुठे? आपल्या रमण विज्ञान केंद्राने दहावीच्या मुलांसाठी यावर मराठीतून व्याख्याने ठेवावीत, ही विनंती.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर